वेदी, वाडी आणि वसतिगृह

कोल्हापुरात ख्रिस्ती समाजाबद्दल विचारले, तर लोक चटकन चार नावे सांगतात. वायल्डर मेमोरियल चर्च, एस्तेर पॅटन आणि आयर्विन ख्रिश्चन या शाळा, आणि इथल्या डॉक्टरांनी हात टेकले की जिकडे पेशंट हलवायचा ते मिरजेचे वानलेस हॉस्पिटल. शाळेची शिस्त आणि दवाखान्याचा हातगुण, एवढ्या भांडवलावर या समाजाने इथे दीडशेहून अधिक वर्षे आपली ओळख टिकवली. या ओळखीत मास्तर आहेत, नर्सबाई आहेत, डॉक्टर आहेत, रविवारी उपदेश करणारे पाळकसाहेब आहेत. त्या पाळकाला घडवणारा माणूस मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तो असतो सेमिनरीत धर्मशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. मराठी वाचकाला कीर्तनकार ठाऊक असतो, पण त्याला तालमीत बसवणारा बुवा ठाऊक नसतो, तशातलीच ही गत.

अशा प्राध्यापकाच्या कारकिर्दीचा आढावा वाचायला घेतला, की हल्ली बहुधा तीन रकाने दिसतात. पहिला ख्रिस्ती अध्यात्माचा, दुसरा पर्यावरण-नीतीचा आणि तिसरा विद्यार्थी-साहाय्याचा. वाचणाऱ्याला वाटते, पहिला रकाना हा माणसाचा खरा विषय, दुसरा काळाप्रमाणे आलेला आणि तिसरा संस्थेने गळ्यात मारलेला. या प्रस्तावनेत मला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे. ही तीन कामे वेगळी नाहीत. पहिले काम खरे की तोंडदेखले, याची परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात होते. महाराष्ट्रात ही परीक्षा पूर्वीपासून घेतली गेली आहे. काही जण तीत उतरले, काही ठिकाणी चर्च स्वतःच नापास झाले. हा सगळा पट समोर असल्याशिवाय एकट्या प्राध्यापकाच्या आयुष्याचे मोल कळणार नाही.

आधी हा पेशा काय असतो ते पाहू. महाराष्ट्रात या शिक्षणाचे मोठे केंद्र पुणे आहे. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली, आणि तिथले विद्यार्थी आज ज्ञानदीप या संस्थेत शिकतात. प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला हलली. प्रोटेस्टंट विद्यार्थी जी पदवी घेतो ती बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. अभ्यासक्रमात जुना करार, नवा करार, हिब्रू आणि ग्रीक, मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, सिद्धांत, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, उपदेशकला आणि समुपदेशन असे सगळे असते. रविवारी वर्ग नसतात, पण सुटीही नसते. विद्यार्थ्याला एखाद्या मंडळीत, दवाखान्यात किंवा वस्तीत काम करायला पाठवतात, आणि सोमवारी त्याने काय पाहिले ते शिक्षक विचारतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सेमिनरी निवासी असते. कॉलेजातला प्राध्यापक तास संपवून गाडीला किक मारतो आणि घरी जातो. सेमिनरीतल्या प्राध्यापकाचे घर बहुधा आवारातच असते. सकाळच्या उपासनेत जो विद्यार्थी पुढच्या बाकावर असतो, तोच दुपारी वर्गात, संध्याकाळी मैदानावर आणि रात्री नऊला दारात उभा असतो. घरून फोन आलेला असतो, बहिणीचे लग्न ठरलेले असते, मेसचे पैसे भरायचे राहिलेले असतात, किंवा आपल्याला हे जमणार नाही, परत जावे असे वाटत असते. शिक्षकाने दुपारी वर्गात करुणेवर जे काही सांगितलेले असते त्याचा हिशेब रात्री दारातच होतो. त्यामुळे धर्मशास्त्राच्या अध्यापकापुरते तरी विद्यार्थी-साहाय्य हे कार्यालयीन काम राहत नाही.

कोल्हापूरकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. हे गाव विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून ओळखले जाते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकामागून एक समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. त्या यादीत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच शाळेचा दरवाजा खरा उघडतो, हे महाराजांनी ओळखले होते. त्याच महाराजांनी १९०७ मध्ये भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. पाणी आणि पोरे, दोन्हींची चिंता एकाच डोक्यात एकाच वेळी असू शकते, याचा दाखला कोल्हापूरला बाहेरून आणावा लागत नाही.

मिशनची हकीकतही विद्यार्थ्यांपाशीच येते. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये अहमदनगरहून कोल्हापुरात आले. त्यांनी इथे शाळा काढल्या, बराच काळ कुठल्याही मंडळाच्या आधाराविना काम रेटले, आणि पुढे १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. हाच रॉबर्ट वायल्डर पुढे अमेरिकेत शिकत असताना, १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसेच्युसेट्समधल्या माउंट हर्मन येथील विद्यार्थी मेळाव्यात होता. तिथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात मिशनकार्य करण्याची तयारी दाखवली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट ही मोठी चळवळ निघाली. तिच्या भाषेत आज खटकण्यासारखे पुष्कळ आहे. जग जिंकायला निघाल्याचा आव तिच्यात होता आणि साम्राज्याच्या सावलीतच ती वाढली. पण विद्यार्थी हा धर्मकार्याचा केंद्रबिंदू आहे, ही जाण तिच्यातूनच जगभर गेली, आणि तिचा एक धागा कोल्हापुरात जन्मलेल्या मुलापर्यंत येतो.

अध्यापन, निसर्ग आणि विद्यार्थी हे तिन्ही एकाच माणसात पाहायचे, तर मराठी वाचकाला विल्यम कॅरी यांच्याकडे जावे लागते. बंगालमध्ये १७९३ मध्ये आलेला हा बॅप्टिस्ट मिशनरी आपल्याला माहीत आहे तो मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मराठी-इंग्रजी कोश (१८१०) यांमुळे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो संस्कृत, बंगाली आणि मराठी शिकवत असे, आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठी पुस्तके छापली. त्याची दुसरी बाजू मात्र आपण कमी सांगतो. कॅरी जातिवंत वनस्पतीप्रेमी होता. सेरामपूरला त्याची मोठी बाग होती, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गचा भारतीय वनस्पतींवरचा ग्रंथ त्याने संपादून छापला, आणि १८२० मध्ये शेती व बागायतीच्या सुधारणेसाठी एक संस्था काढली. त्याआधी १८१८ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सेरामपूर कॉलेज उभारले. तिथे जातधर्म न पाहता विद्यार्थी घ्यायचे ठरले. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला, आणि आजही देशातल्या पुष्कळ प्रोटेस्टंट सेमिनऱ्यांची बी.डी. त्या अधिकारातूनच येते.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात हिंडणाऱ्याला कुंभ्याचे झाड ठाऊक असते. जाड, भेगाळ साल, मोठी पाने, उन्हाळ्याच्या तोंडाला येणारी पांढरट फुले आणि त्यांतून बाहेर डोकावणारे गुलाबी पुंकेसरांचे झुपके. या झाडाचे शास्त्रीय नाव कॅरेया आर्बोरिया. रॉक्सबर्गने ते कॅरीच्या नावावरून ठेवले. सह्याद्रीतल्या एका रांगड्या झाडावर मराठी व्याकरण लिहिणाऱ्या धर्मोपदेशकाचे नाव आहे, ही गोष्ट आपल्या विषयाला अगदी लागू पडते. कॅरीच्या दिनक्रमात कोश, बाग आणि कॉलेज यांची वेगळी खाती नव्हती.

मराठी ख्रिस्ती अध्यात्माचे नाव निघाले की रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी थांबावेच लागते. जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा. अहमदनगरच्या सेमिनरीत ते शिकवत असत, आणि शेवटची काही वर्षे ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे संपादनही त्यांच्याकडे होते. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या चालीत, वारकऱ्याच्या भावाने गायले. त्यांच्या आधीच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली गीते असत. टिळकांमुळे मंडळीत टाळ-मृदंग सन्मानाने आला. फुलामुलांचा कवी ही त्यांची पदवी मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आठवते. निसर्ग आणि मूल यांच्याकडे पाहण्याची ती नजर त्यांच्या भक्तीतूनच आली होती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले.

या कवीच्या घरचे विद्यार्थी-साहाय्य कसे चालत होते, हे पाहायचे तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन उघडावे. टिळक वाटेत भेटलेल्या कुणालाही घरी आणत. कुणाचे मूल, कुणी शिकू पाहणारा पोरगा, कुणी दुष्काळात उघडे पडलेले लेकरू. आणणारे टिळक आणि निस्तरणाऱ्या लक्ष्मीबाई. घरात दाणा किती आहे, आणखी एक पान मांडायचे तर काय करायचे, आजाऱ्याजवळ कोण बसणार, हे सगळे त्यांच्या वाट्याला. त्या हे विनोदाने सांगतात म्हणून आपण हसतो. पण धर्मशास्त्राच्या अध्यापकाचे औदार्य बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून चालते, ही गोष्ट तिथे स्पष्ट लिहून ठेवलेली आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. कुणाही प्राध्यापकाच्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांना दिलेल्या आधाराचा उल्लेख आला, की तो आधार कुणाच्या हातांनी दिला गेला, हा प्रश्न विचारायचा धडा या पुस्तकाने दिला आहे.

आता पर्यावरणाकडे वळू. या विषयाची आधुनिक चर्चा एका आरोपापासून सुरू होते. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी मार्च १९६७ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात एक लेख लिहिला. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराने माणसाला सृष्टीचा धनी ठरवले, झाडा-डोंगरांतले दैवत काढून घेतले आणि निसर्ग ओरबाडायला मोकळीक दिली, असा त्यांचा रोख होता. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिलेली आहे, तेव्हा आरोप हवेतला नव्हता. पण लगेच दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करायला. गेली साठेक वर्षे धर्मशास्त्राचे अध्यापक या दोन अध्यायांच्या मध्ये उभे राहून वाद घालत आले आहेत. गंमत अशी, की व्हाइट यांनी त्याच लेखात असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरण जपणाऱ्यांचा पाठीराखा संत मानावे असे सुचवले होते, आणि १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तसे जाहीरही केले. १९८३ मध्ये व्हँकुव्हरला जागतिक चर्च परिषदेने न्याय, शांती आणि सृष्टीची अखंडता हे तीन विषय एकत्र बांधले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळा काढता येत नाही, हे त्याचे सार.

मला स्वतःला या वादात एक साधा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. ख्रिस्ती उपासना पदार्थांशिवाय होत नाही. बाप्तिस्म्याला पाणी लागते. प्रभुभोजनाला भाकर आणि द्राक्षरस लागतो. कॅथलिक परंपरेत अभिषेकाला तेल लागते. ज्या धर्माचे संस्कार पाणी, गहू, द्राक्ष आणि तेल यांवाचून अडतात, त्याला माती हा आपला विषय नाही असे म्हणण्याची सोय नाही. आपल्याकडे द्राक्षे तासगावची. त्या बागेवर हंगामात किती फवारण्या होतात आणि फवारणाऱ्या मजुराच्या तोंडाला फडके तरी असते का, हे प्रश्न त्या पेल्यातच आहेत. अध्यात्माचा प्राध्यापक पर्यावरणाकडे वळतो तो विषय बदलून वळत नाही. वेदीवर जे ठेवले आहे ते कुठून आले, एवढेच तो मागे जाऊन पाहतो.

या मागे जाऊन पाहण्याचा मराठीतला सर्वांत ठळक नमुना म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते सेमिनरीतले प्राध्यापक म्हणून प्रसिद्ध नव्हते, पण धर्मशास्त्र मराठी वाचकाच्या अंगणात आणून शिकवण्याचे काम त्यांच्याइतके क्वचितच कुणी केले असेल. वसईजवळच्या नंदाखालचा जन्म, घरी शेतीवाडी, बोली सामवेदी. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते आणि त्यांनी ते ख्रिस्ती समाजाबाहेरच्या लेखक-वाचकांसाठीही खुले केले. बायबलच्या नव्या कराराचे त्यांचे ‘सुबोध बायबल’ साहित्य अकादमीने गौरवले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

वसईची वाडी म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला नीट माहीत नसते. केळी, पानवेली, फुलझाडे, नारळ-आंब्याची सावली, आणि मध्ये बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवण्यासाठी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, विहिरींना गोडे ठेवते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. मुंबई उत्तरेकडे पसरू लागली तसे या वाड्यांवर बिल्डरांचे डोळे गेले. हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचे प्रस्ताव आले, टँकरवाले विहिरी उपसू लागले, आणि जमिनीच्या व्यवहारामागे गुंडगिरी उभी राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले. पाद्र्याने चर्चमध्ये बसावे, मोर्चात कशाला यावे, असे म्हणणारे स्वकीयही होते. दिब्रिटो ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभ्यासक होते. संतांनी देव आणि लोक यांच्यात भिंत घातली नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

दुसरा नमुना दुष्काळी नगर जिल्ह्यातला. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि आयुष्यभर पाण्यामागे लागले. डोंगरमाथ्यापासून खाली कामाला सुरुवात करायची, समतल चर खणायचे, बांध घालायचे, गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. माथ्यावरचे पाणी चालायला लागले की पायथ्याच्या विहिरी बोलायला लागतात, हे त्यातले साधे शास्त्र. या कामातूनच १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभा राहिला. दिब्रिटोंची वाट संघर्षाची होती, बाखर यांची बांधणीची. पर्यावरण-नीती शिकवणाऱ्याने वर्गात दोन्ही वाटा समोर मांडायला हव्यात. पोरांना मोर्चा लवकर आवडतो, चर खणायचा कंटाळा येतो.

चित्र इतके उजळ ठेवून थांबलो तर वाचकाची फसवणूक होईल. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. तेव्हा केरळातल्या इडुक्कीत कॅथलिक धर्मप्रांताने उघडपणे विरोध केला. डोंगरावर शेती करणाऱ्या आपल्या लोकांच्या पोटावर पाय येईल, ही भीती त्यामागे होती, आणि ती सगळीच खोटी नव्हती. पण दोनच वर्षांनी ज्या चर्चच्या प्रमुखाने सृष्टीच्या रक्षणाचे परिपत्रक काढले, त्याच चर्चचा एक भाग घाटातल्या संरक्षणाविरुद्ध उभा होता, हेही खरे. आपला राधानगरी-भुदरगड-शाहूवाडीचा पट्टा त्याच घाटात येतो, तेव्हा हा वाद दूरचा नाही. धर्मशास्त्राच्या अध्यापकाची खरी कसोटी इथे लागते. बिल्डर आणि कारखानदाराविरुद्ध बोलणे त्या मानाने सोपे. आपल्याच मंडळीतल्या शेतकऱ्याला त्याच्या तोट्याचे ऐकवायचे, आणि त्या तोट्याची भरपाई कोण करणार हे सरकारलाही विचारायचे, हे अवघड.

कोल्हापुरात ही कसोटी पंचगंगेच्या काठी लागते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती या पाचांची ही नदी प्रयाग-चिखलीपाशी एक होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत ती शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीच्या प्रोसेसर्सचे रंगीत पाणी पोटात घेते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण कधीच मागे टाकून गेली. या जिल्ह्याने विसर्जनासाठी कुंड आणि मूर्तिदान यांचा मार्ग धरला, म्हणजे श्रद्धा न सोडता रीत बदलता येते हे इथल्या सामान्य माणसाने करून दाखवले. मग पाण्याने बाप्तिस्मा देणाऱ्यांचे या नदीच्या बाबतीत काय म्हणणे आहे, हा प्रश्न शेजारी म्हणून विचारण्याचा हक्क कोल्हापूरकराला आहे, आणि सेमिनरीत शिकून आलेल्या पाळकाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

आता तिसऱ्या रकान्याकडे. विद्यार्थी-साहाय्य म्हटले की समुपदेशन, शिष्यवृत्ती, वसतिगृह असे शब्द येतात. मराठी मुलखातून सेमिनरीत येणारा विद्यार्थी कोण असतो, ते पाहिले तर त्या शब्दांत जीव येतो. तो बहुधा खेड्यातला, मराठी माध्यमातला, घरात पदवीपर्यंत गेलेला पहिला. समोर इंग्रजीतली पुस्तके आणि हिब्रू-ग्रीकची मुळाक्षरे. त्याला पवित्र शास्त्र पाठ असते, पण त्याच्यावर टीका म्हणजे चिकित्सा, हे कळायला वर्ष जाते. आपली श्रद्धाच हे लोक काढून घेत आहेत, असे त्याला मध्येच वाटते. त्या वर्षी त्याच्यापाशी कोण बसतो, त्याचा पहिला निबंध लाल शाईने रंगवून परत देतो की शेजारी बसून ओळ न् ओळ वाचतो, यावर तो टिकतो की गाशा गुंडाळतो हे ठरते.

या विद्यार्थ्यांत दलित ख्रिस्ती घरांतले पुष्कळ असतात. त्यांची अडचण कायद्यातलीही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. गावात जात तीच, वागणूक तीच, पण अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो रकाना त्याच्यासाठी नाही. अशा वेळी शिक्षकाने कुठून तरी फी जमवून देणे हा एक भाग झाला. त्यापुढचा भाग असा, की या अन्यायाचा अभ्यास वर्गात व्हावा, आणि चर्चच्या आतली जातही त्यातून सुटू नये. पुण्यात नवा करार शिकवणारे जॉर्ज सोआरिस-प्रभू, ज्यांचे १९९५ मध्ये निधन झाले, ते हेच मांडत आले. भारतात बायबल वाचायचे तर इथले दारिद्र्य, इथली जात आणि इथली धर्मबहुलता डोळ्यांसमोर ठेवूनच वाचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अशा शिक्षकाच्या हाताखाली विद्यार्थ्याला आपले घरचे जगणे लाजेचा विषय वाटत नाही, अभ्यासाचे साधन वाटू लागते.

या सगळ्यात एक उणीव मात्र राहून राहून टोचते. हे काम करणारी बहुतेक माणसे इंग्रजीत लिहितात. त्यांचे शोधनिबंध पुण्या-बंगळुरूच्या नियतकालिकांत येतात आणि कोल्हापूर-सांगलीच्या मंडळीत पोहोचत नाहीत. टिळकांनी मराठीत गायले, दिब्रिटोंनी मराठीत लिहिले, म्हणून त्यांचे विचार ख्रिस्ती नसलेल्या घरांतही गेले. त्यांच्याशी भांडायलाही लोक मराठीतच उभे राहिले, आणि तेही विचाराच्या तब्येतीला चांगलेच असते. पंचगंगेचे धर्मशास्त्र इंग्रजीत लिहून तिच्या काठच्या शेतकऱ्याला काय उपयोग? धर्मशास्त्राच्या अध्यापकाची कारकीर्द मराठीत सांगण्याची गरज यासाठी आहे.

तेव्हा वाचकाला एक सुचवावेसे वाटते. अशा प्राध्यापकाचे चरित्र वाचायला घेताना ग्रंथांच्या यादीपासून आणि पदांपासून सुरुवात करू नका. त्याचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते पाहा, आणि ते ज्या गावांत पाळक किंवा शिक्षक झाले तिथल्या विहिरीचे, ओढ्याचे, वसतिगृहाचे काय झाले ते विचारा. त्यांच्यातला एखादा तरी ग्रामसभेत उठून पाण्यावर बोलत असेल, एखादीने गरीब मुलींना घरात ठेवून शिकवले असेल, आणि ते करताना दोघांनाही आपण धर्माचेच काम करतो आहोत असे वाटत असेल, तर त्या प्राध्यापकाने अध्यात्म शिकवले असे खुशाल म्हणावे. तसे काहीच सापडले नाही, तर त्याचे ग्रंथ कितीही जाड असोत, पहिला रकानादेखील कोराच राहिला असे समजावे.